अकॅलेशिया आणि लठ्ठपणा: आधी गिळणं दुरुस्त करायचं की आधी वजन?

सावनी_

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न माझ्या दादाचा आहे. वय चाळिशीच्या पुढे, बीएमआय ४३, मधुमेह, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपतो. वजनाची शस्त्रक्रिया करायची हे ठरलं होतं, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवणं) करू असं सर्जनशी बोलणंही झालं होतं. त्याआधीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये एंडोस्कोपी केली तर अन्ननलिकेत आदल्या दिवशीचं अन्न साचलेलं दिसलं. मग बेरियम (ते पिऊन काढलेला एक्स-रे) झालं, मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणं) झाली आणि निदान आलं: अकॅलेशिया, टाइप दोन. म्हणजे अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना उघडत नाही आणि वरची नळी अन्न पुढे ढकलत नाही.

आता खोदून विचारल्यावर एकेक बाहेर येतंय. जेवताना मध्येच उभा राहतो, प्रत्येक घासाला पाणी लागतं, रात्री उशीवर पाणी येतं, खोकल्याने जाग येते. घरात सगळ्यांनी 'ॲसिडिटी' म्हणून सोडून दिलं होतं. वजन वाढत असलेल्या माणसाला गिळायला त्रास आहे हे कुणाच्या डोक्यात येणार?

आता तीन तज्ज्ञांची तीन मतं आहेत. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात आधी पोएम (तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतून कापणं) करा, वजनाचं नंतर बघू. एक सर्जन म्हणतात स्लीव्ह रद्द, बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडणं) करू आणि त्याच भुलेत झडपेचा स्नायूही कापू. दुसरे म्हणतात आधी पोएम आणि मग ठरल्याप्रमाणे स्लीव्ह, काही बिघडत नाही. कुणी यातून गेलंय का? किंवा जवळून पाहिलंय का? डॉक्टरांना काय प्रश्न विचारायचे एवढं कळलं तरी पुरे.

गप्पीदास

लोक वजन कमी करायला घास कमी करतात. तुमच्या दादांना आधी घास उतरवायची सोय करून द्यायची आणि मग सांगायचं की आता कमी खा. वैद्यकशास्त्राची कमाल आहे!

(विनोद बाजूला, दादांना शुभेच्छा. जाणकार येतीलच.)

टेकडीवरचा

निदान नक्की आहे का? माझ्या वाचनात अकॅलेशियाचे रुग्ण खंगलेले असतात. घास उतरत नाही तर बीएमआय ४३ कसा?

अबोली२

@टेकडीवरचा, माझ्याकडे बघा. मला अकॅलेशिया आहे आणि निदानाच्या वेळी माझा बीएमआय ३८ होता.

घट्ट घास अडकतो, पण पातळ आणि मऊ, त्यातही गोड आणि स्निग्ध पदार्थ पाण्याच्या घोटाबरोबर खाली जातात. कोशिंबीर, भाकरी, फळं या गोष्टी आपोआप सुटल्या. उरलं ते सगळं कमी चावायचं आणि जास्त उष्मांकाचं. चारचौघांत जेवायची लाज वाटायला लागली, मग एकटीने दिवसभर थोडं थोडं काहीतरी पिणं सुरू झालं. वजन वाढलं यात नवल काय?

शिवाय वजन कमी न झाल्यामुळे कुणी गंभीरपणे घेतलं नाही. अकॅलेशियाची तीव्रता मोजायला एकार्ट नावाचा गुणांक वापरतात. गिळायला त्रास, अन्न उलटून येणं, छातीत दुखणं आणि वजन घटणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण बारा. जाड माणसाला चौथ्या रकान्यात शून्य मिळतो आणि आजार कागदावर सौम्य दिसतो. गंमत म्हणजे वजनाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच रकान्यात तीन गुण पडतात, कारण वजन उतरलेलं असतं. तेव्हा दादांचा एकूण आकडा बघू नका, पहिले तीन रकाने वेगळे लिहून ठेवा.

सावनी, बेरियमच्या रिपोर्टमध्ये एक, दोन आणि पाच मिनिटांनी किती उंचीचा बेरियमचा स्तंभ उरला होता ते आहे का? पुढच्या उपचारानंतर तुलना करायला तोच आकडा कामी येतो.

सावनी_

@अबोली२, तुमचं वाचून दादाला फोन केला. "सगळ्यांसमोर जेवायची लाज" हे वाक्य वाचून दाखवलं तर बराच वेळ काही बोललाच नाही. बेरियम साधंच झालंय, वेळेचं नाही. विचारते.

शल्यविशारद

मी पोटाचा सर्जन आहे, वजनाच्या शस्त्रक्रिया करतो. रुग्ण न तपासता सल्ला देणार नाही, पण स्लीव्हबद्दल स्पष्ट बोलायला हरकत नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. तिचं खालचं दार म्हणजे पायलोरस शाबूत असतो, त्यामुळे आतला दाब वाढतो. ज्याची अन्ननलिका धडधाकट आहे त्यालाही यामुळे रिफ्लक्स, म्हणजे आम्ल वर येणं, होऊ शकतो. आता अकॅलेशियाच्या रुग्णाचा विचार करा. उपचार म्हणून आपण वरची झडप कापून कायमची सैल करणार, म्हणजे दाबाच्या नळीचं वरचं तोंड उघडं. वर आलेलं आम्ल परत खाली ढकलायला अन्ननलिकेत लाटा लागतात, त्या या आजारात नसतातच. नाल्याचं तोंड बंद करून वरचं झाकण काढल्यासारखं आहे हे.

साध्या हेलरमध्ये, म्हणजे पोटाच्या बाजूने झडपेचा स्नायू कापायच्या शस्त्रक्रियेत, झडप कापल्यावर जठराच्या वरच्या घुमटाची घडी त्यावर घालून रिफ्लक्स आवरतात. स्लीव्हमध्ये तो घुमटच गेलेला असतो. आणखी एक गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते: अकॅलेशियाच्या काही थोड्या रुग्णांत पुढे अन्ननलिका इतकी फुगते आणि वेडीवाकडी होते की ती काढावी लागते. तेव्हा तिच्या जागी जठरच वर ओढून घेतात. स्लीव्ह झालेलं जठर त्या कामाला येत नाही.

बायपासमध्ये सुमारे ३० मिलीची छोटी पिशवी राहते, तिच्यात आम्ल फार कमी बनतं आणि पित्त शंभर-दीडशे सेंटिमीटर दूर ठेवलेलं असतं. म्हणजे वजनाची शस्त्रक्रिया हीच रिफ्लक्सची शस्त्रक्रिया ठरते, वेगळी घडी घालायची गरज बहुधा पडत नाही. मधुमेह आहे म्हटल्यावर बायपासचं पारडं आणखी जड होतं.

म्हणून तुमच्या तीन मतांपैकी तिसऱ्याबद्दल माझी शंका मोठी आहे. पहिल्या दोघांत खरा वाद आहे.

उडाणटप्पू

माझी स्लीव्ह झालीय, एकदम मस्त आहे. उगाच लोकांना घाबरवू नका.

शल्यविशारद

@उडाणटप्पू, आनंद आहे. मीही स्लीव्ह करतो, बहुतेकांना चांगलीच मानवते. पण तुम्हाला अकॅलेशिया आहे का? फिनलंडच्या स्लीव्हपास चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत दिसली, बायपासच्या ७ टक्के. ही गिळण्याची मोठी तक्रार नसलेली माणसं. धाग्यातल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा आहे.

आणि तुम्हीही छातीत जळजळ नाही म्हणून एंडोस्कोपी टाळू नका.

उडाणटप्पू

बरं. करतो.

घाटमाथा

थोडं अवांतर. अकॅलेशियाचा पहिला उपचार नोंदलाय तो १६७४ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने. देवमाशाच्या हाडाची काडी, टोकाला स्पंज. रुग्ण जेवणानंतर ती घशातून खाली घालून अडकलेलं अन्न जठरात ढकलायचा, आणि असं त्याने वर्षानुवर्षं केलं. झडपेचा स्नायू कापायची शस्त्रक्रिया जर्मनीत एर्न्स्ट हेलरने १९१३ मध्ये केली. तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा काढून आतूनच स्नायू कापायची पोएम ही पद्धत जपानच्या हारुहिरो इनोऊ यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा वापरली. साडेतीनशे वर्षांत प्रश्न तोच आहे, त्या झडपेतून वाट कशी करायची.

गप्पीदास

देवमाशाचं हाड वाचून माझंच गिळणं बंद झालं.

केतकीपान

माझ्या आत्याला फार वर्षांपूर्वी जठराभोवती बँड बसवला होता. काही वर्षांनी घास अडकायला लागला, उलट्या व्हायला लागल्या. तपासणीत अन्ननलिका चांगलीच फुगलेली निघाली, रिपोर्टवर 'अकॅलेशियासारखं चित्र' असं लिहिलं होतं. बँडमधलं पाणी काढून टाकल्यावर हळूहळू सुधारणा झाली, शेवटी बँडच काढला. तो अकॅलेशिया नव्हता, खालून आवळल्यामुळे नळी थकली होती. सांगायचा मुद्दा, गिळायला त्रास असलेल्यांनी बँडच्या वाटेला जाऊच नये. आता तसाही कमीच बसवतात म्हणे.

निशिगंधा_एम

+१. आणि उलटंही असतं. जठर आणि अन्ननलिकेच्या जोडावर गाठ असेल तरी मॅनोमेट्रीत अकॅलेशियासारखंच दिसू शकतं. वय जास्त, लक्षणं थोड्या महिन्यांतली आणि वजन झपाट्याने उतरलेलं, असं असेल तर ती शंका आधी फेडून घ्यायची. इथे दादांचं तसं दिसत नाही, तरी एंडोस्कोपीत तो भाग नीट पाहिला का एवढं विचारा.

प्रवासी_पाऊल

आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या बायकोला अकॅलेशिया आणि बीएमआय ४१. आम्हाला दोन्ही पर्याय दिले होते: एकाच भुलेत हेलर आणि बायपास, किंवा आधी पोएम आणि काही महिन्यांनी बायपास. आम्ही दुसरा घेतला.

कारणं तिच्या बाबतीतली होती. अन्ननलिकेत इतकं साचायचं की न्यूमोनिया होऊन गेला होता, त्यामुळे फुफ्फुसांना आधी उसंत हवी होती. पोएममध्ये पोटाला हात लागत नाही, म्हणजे पुढच्या सर्जनला पोट आतून कोरं मिळतं. आणि बायपासनंतरचे आठवडे नुसत्या पातळ आहारावर काढायचे असतात. तो आहार खाली उतरत नसेल तर माणूस कोरडा पडतो. गिळणं सुधारलेल्या शरीराने बायपासला सामोरं जाणं आम्हाला बरं वाटलं.

पण एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. पोएमनंतर तिला वर्षांनी पोटभर, मनासारखं जेवता आलं. आम्ही दोघं रडलो अक्षरशः. आणि तिचं वजन वाढायला लागलं! बायपासच्या आधी वजन उतरवायचं असतं आणि इथे उलटाच प्रवास. आहारतज्ज्ञ पोएमच्या दुसऱ्या दिवसापासून सोबत हव्यात, हे आमचं मत. शिवाय जळजळ सुरू झाली, आम्लाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. बायपासनंतर ती जळजळ गेली.

शल्यविशारद

@प्रवासी_पाऊल, फार मोलाचा प्रतिसाद. पोएमनंतरच्या रिफ्लक्सबद्दल आकडा देतो: पोएम आणि हेलर यांची तुलना करणारी मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी गिळण्यातलं यश जवळपास सारखं, ८३ आणि ८२ टक्के. पण अन्ननलिकेची सूज पोएमनंतर ४४ टक्के आणि घडी घातलेल्या हेलरनंतर २९ टक्के. पुढे बायपास होणार असेल तर पोएमचा हा दोष बराचसा झाकला जातो, म्हणून ही जोडी अनेकांना पसंत आहे.

एकाच वेळी दोन्ही करणाऱ्यांची बाजूही सांगतो. भूल एकदाच, इस्पितळ एकदाच. झडपेजवळ आधीचा व्रण नसतो. मात्र हेलरचा छेद झडपेखाली जठरावर दोन-तीन सेंटिमीटर न्यायचा असतो आणि बायपासची पिशवीच मुळात छोटी. छेद आणि स्टेपलची रेघ एकमेकींच्या जवळ येतात. अस्तराला भोक पडलं आणि लक्षात आलं नाही तर गळती, आणि बीएमआय ४३ मध्ये गळती म्हणजे जिवावरचं दुखणं. हे दोन्ही कामांत हात बसलेल्या सर्जननेच करावं.

या दोन वाटांची समोरासमोर तुलना करणारे मोठे अभ्यास नाहीत. थोड्याथोड्या रुग्णांचे अनुभव छापलेले आहेत, आजार दुर्मीळ आहे (वर्षाला लाखात साधारण एक), त्यात लठ्ठ रुग्ण आणखी थोडे. त्यामुळे "हेच बरोबर" असं ठणकावून सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

टेकडीवरचा

फुगा घालून झडप ताणतात ना? कापाकापीपेक्षा ते सोपं नाही का? आणि बोटॉक्स?

अबोली२

मला आधी फुगाच घातला होता. बरं वाटलं, पुन्हा अडकायला लागलं, पुन्हा फुगा. टाइप दोनला फुगाही चांगला लागू पडतो म्हणतात, त्यामुळे वाईट पर्याय नाही. पण फुग्याने अन्ननलिका फाटायची थोडी जोखीम असते आणि पुन्हा करावा लागण्याची शक्यता बरीच. २०१९ च्याच आणखी एका चाचणीत दोन वर्षांनी पोएमचं यश ९२ टक्के आणि फुग्याचं ५४ टक्के होतं. ज्याला पुढे बायपास करायचंय त्याने बायपासच्या (पिशवी आणि आतड्याच्या) ताज्या जोडावरून सारखे फुगे घालत बसावं का, हा प्रश्न विचारा.

बोटॉक्सचा असर काही महिने, फार तर वर्षभर. वर अस्तराखाली चिकटपणा येतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. ज्यांना भूल झेपणारच नाही त्यांच्यासाठी ते ठीक.

सडेतोड

एवढं सगळं वाचून एकच कळतं. लोकांना तोंडावर ताबा ठेवायचा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं. रोज चाला, कमी खा, झालं. आमच्या वेळी कुणाला बीएमआय माहीत नव्हता.

अबोली२

सडेतोडकाका, मी महिनोन्‌महिने पातळ पदार्थांवर काढलेत. तोंडावरच्या ताब्याबद्दल मला शिकवू नका.

प्रवासी_पाऊल

@सडेतोड, घास छातीत अडकून माणूस रात्री गुदमरत उठतो, त्याला "चाला" हा सल्ला?

सडेतोड

मी सर्वसाधारण बोललो. व्यक्तिगत घेऊ नये.

संपादक_मंडळ

सडेतोड, धागा एका रुग्णाच्या उपचारांबद्दल आहे. चारित्र्य आणि संयम यावर वेगळा धागा काढावा. इथे त्यावरचे यापुढचे प्रतिसाद उडवले जातील.

मऊसूत

मी गिळण्याच्या आणि बोलण्याच्या तक्रारींवर काम करणारी थेरपिस्ट आहे. इथे सगळे अन्ननलिकेबद्दल बोलताहेत, पण शीर्षक वाचून दुसऱ्या प्रकारचे रुग्णही येतील, म्हणून लिहिते.

गिळण्याचे त्रास ढोबळपणे दोन जागी असतात. अन्ननलिकेत असेल तर माणूस घास गिळतो, मग काही क्षणांनी छातीत अडकल्यासारखं वाटतं. घशात असेल तर घास सुरूच होत नाही, ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, आवाज ओला होतो. पक्षाघात, पार्किन्सन, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार), मानेला किरणोपचार झालेले लोक, हे दुसऱ्या गटात. त्यांची तपासणीही वेगळी, क्ष-किरणांखाली गिळताना चित्रफीत घेतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. मॅनोमेट्रीत यांचं अनेकदा काहीच सापडत नाही.

वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार या गटासाठी घातक ठरू शकतो. सगळ्यांना आधी पाण्यासारखं पातळ, मग दाट, मग मऊ असं चढत नेतात. घशाच्या रुग्णाला पाण्यासारखं पातळ हेच सगळ्यात अवघड! तेच श्वासनलिकेत जातं. पातळपणा-दाटपणाची शून्य ते सात अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, शून्य म्हणजे पाणी. आमचे काही रुग्ण दोन किंवा तीनवरच सुरक्षित असतात. हे शस्त्रक्रियेआधी आहारतज्ज्ञांना कळलं नाही तर वॉर्डातला छापील तक्ताच त्यांना न्यूमोनिया देईल. आणि दाट केलेलं द्रव माणूस कमी पितो, त्यामुळे पाणी कमी पडण्याकडेही लक्ष हवं.

मायस्थेनियात तर आधी औषधाने आजार काबूत आणावा लागतो, शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. तिथे भुलेची औषधंही जपून वापरावी लागतात.

निशिगंधा_एम

@मऊसूत, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. वाचनखूण साठवली.

पाऊसवेडा

माझा प्रश्न थोडा वेगळा. घास अडकतो, वय तिशीच्या आत, बीएमआय ३६, लहानपणापासून दमा आणि ॲलर्जी. मलाही अकॅलेशिया असेल का?

शल्यविशारद

@पाऊसवेडा, दम्याचा आणि ॲलर्जीचा तरुण रुग्ण आणि फक्त घट्ट घास अडकतो म्हटल्यावर आधी इओसिनोफिलिक इसोफेजायटिसची (ॲलर्जीमुळे अन्ननलिकेला येणाऱ्या सुजेची) शंका येते. एंडोस्कोपीत अस्तर वरवर ठीक दिसलं तरी बायोप्सी घ्यायला सांगा, वेगवेगळ्या उंचीवरून. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात पंधरा किंवा जास्त इओसिनोफिल पेशी दिसल्या तर निदानाला बळ मिळतं. उपचार औषधं आणि आहार, झडप कापायचा प्रश्नच नाही. ते आटोक्यात आल्यावर वजनाचं बघा.

स्क्लेरोडर्माबद्दल (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) कुणी विचारायच्या आत सांगतो. तिथे अन्ननलिका निर्जीव पण झडप सैल, म्हणजे अकॅलेशियाच्या उलट. त्यांना झडपेवर घडी घातली तर घास अडकतो, स्लीव्ह केली तर आम्लाने अन्ननलिका भाजते. तिथेही शस्त्रक्रिया करायचीच तर बायपासकडे कल. पण आतड्यालाही तो आजार झाला असेल तर बायपासही विचारपूर्वक.

घाटमाथा

हल्लीच्या वजन उतरवायच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचं काय? सेमाग्लुटाइड वगैरे. गोळी गिळायची नाही, पोट कापायचं नाही.

धुकं_पहाटेचं

मी भूलतज्ज्ञ. इंजेक्शनांबद्दल आणि भुलेबद्दल एकत्रच लिहितो.

सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं मोठ्या चाचणीत दिसलंय. बीएमआय ४३ च्या माणसाला तेवढ्याने पुरेल का हा एक प्रश्न. दुसरा, या औषधाने मळमळ होते आणि जठर उशिरा रिकामं होतं. अन्ननलिका आधीच रिकामी होत नसलेल्या माणसाला ते सोसेल का हे डॉक्टरांनी बघून ठरवावं. पोएम आणि बायपासच्या मधल्या काळात वजन वाढू नये म्हणून काही जण विचार करतात, त्यात तथ्य आहे.

भुलेचं मात्र गंभीरपणे घ्या. नेहमीचा नियम, घट्ट अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद, हा अकॅलेशियात लागू होत नाही. अन्ननलिकेत आदल्या दिवशीचं अन्न असतं हे धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आलंय. भूल देताना ते फुफ्फुसात गेलं तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. आम्ही आधी काही दिवस फक्त पातळ आहार देतो, उपास लांबवतो, गरज पडली तर रुग्ण जागा असतानाच जाड नळीने अन्ननलिका रिकामी करतो, आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवून झटपट नळी घालतो. साध्या एंडोस्कोपीलासुद्धा हेच धोके आहेत. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी, "याला अकॅलेशिया आहे" आणि "हे इंजेक्शन चालू आहे" ही दोन वाक्यं भूलतज्ज्ञाला तोंडाने सांगा. फाइलमध्ये असेलच असं धरून चालू नका.

झोपेत श्वास अडकण्याचं मशीन सोबत घेऊन जा. शस्त्रक्रियेनंतर ते कधी सुरू करायचं ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही विचारा.

सावनी_

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा भेट झाली, दादा स्वतः आला होता आणि पहिल्यांदाच त्याने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. वेळेचं बेरियम करून घेतलं, पाच मिनिटांनीही बराच स्तंभ उरलेला आहे. स्लीव्ह सुचवणाऱ्या सर्जनना अन्ननलिका काढावी लागली तर जठर कुठून आणायचं हे विचारलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, मग बायपासच बरा.

पोटविकारतज्ज्ञ आणि बायपासवाले सर्जन एकमेकांशी बोलले. आमच्यासमोर, हे विशेष! कल आता आधी पोएम, मग तीन-चार महिन्यांनी बायपास असा आहे, कारण रात्रीचा खोकला आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसलेले डाग. प्रवासी_पाऊल, तुमचा वजन वाढण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढला. आहारतज्ज्ञांची पहिली भेट पोएमच्या आधीच ठरवलीय.

प्रवासी_पाऊल

उत्तम. आणखी एक, बायपासनंतर उलट्या सुरू झाल्या तर "अकॅलेशिया आहे, होणारच" असं म्हणून घरी बसू नका. जोड अरुंद झालेला असू शकतो, तो दुर्बिणीतून फुग्याने मोकळा करता येतो. जोडावर व्रण (अल्सर) असू शकतो. धूम्रपान असेल तर आत्ताच सोडायला लावा, व्रणाचं ते मोठं कारण आहे.

धुकं_पहाटेचं

यात भर. सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी१. शरीरात त्याचा साठा फार तर दोन-तीन आठवड्यांचा असतो. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्या होणाऱ्या रुग्णाला एक वस्तू दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ. आणि तिथे ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी थायमिन द्या असं सांगा. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं. तुमच्या दादांचा आहार आधीच वर्षानुवर्षं अर्धवट असणार, त्यामुळे थायमिन, बी१२, लोह, ड जीवनसत्त्व या तपासण्या पोएमच्या आधीच करून घ्या.

गप्पीदास

या धाग्यावर माझे विनोद कमी आणि नोंदी जास्त होताहेत. हे बरं नव्हे.

सावनी_

एक शेवटचं विचारायचं राहिलं. दादाच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या आहेत, आत्ताच अडकतात. बायपासनंतर तर जीवनसत्त्वांच्याही गोळ्या जन्मभर. कुटून दिल्या तर चालतात का?

मऊसूत

सगळ्या नाही. ज्या गोळीचं औषध दिवसभर हळूहळू सुटायचं असतं ती कुटली तर सगळा डोस एकदम सुटतो, मधुमेहाच्या अशा गोळ्या बऱ्याच आहेत. नावाच्या शेवटी एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर हात लावू नका, डॉक्टरांकडून साधी किंवा पातळ आवृत्ती लिहून घ्या. ज्यांच्यावर आतड्यात विरघळणारं आवरण असतं त्याही कुटायच्या नाहीत. जीवनसत्त्वं चघळायची किंवा पातळ मिळतात. कॅल्शियम घेताना सिट्रेट मागा, कार्बोनेटला आम्ल लागतं आणि बायपासच्या पिशवीत ते नसतं. लोह आणि कॅल्शियम एका वेळी देऊ नका, मध्ये दोन तास तरी ठेवा. बी१२ चं इंजेक्शन मिळतं.

आणि बायपासनंतर मधुमेहाच्या गोळ्या पहिल्या आठवड्यातच कमी कराव्या लागण्याची शक्यता आहे. जुन्या चिठ्ठीवरून औषधं भरून ठेवू नका.

सावनी_

त्याची एक गोळी एक्सआर आहे आणि आई ती रोज खलबत्त्यात कुटून देतेय. आत्ताच फोन लावते.